तेच स्टेरॉइड नळीत आणि गुडघ्यात : त्रिमूर्तीनगरच्या वाचकांना उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. सांध्यातील इंजेक्शने आणि मूळपेशी (स्टेम सेल) या विषयावरच्या माझ्या लेखाला आपण त्रिमूर्तीनगरहून पाठवलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. मूळपेशींपासून कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, तयार करताना प्रयोगशाळेत जे द्रावण वापरतात, त्यातच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असते, असे मी स्वतःच पूर्वी लिहिले होते. मग गुडघ्यात दिलेले स्टेरॉइड मूळपेशींना ‘मारते’ असे मी कसे लिहू शकते, हा आपला मुख्य आक्षेप आहे. बशीतल्या पेशींवरून माणसाच्या गुडघ्याबद्दल निष्कर्ष काढू नयेत, असे आपण बजावले आहे, आणि असे लेख वाचून घाबरलेली माणसे मूळपेशींच्या महागड्या इंजेक्शनांकडे वळतात, असा ठपकाही ठेवला आहे. मागच्या इंजेक्शननंतर आपण चार महिने अंबाझरी तलावावर रोज फिरायला जाऊ शकलात, हे वाचून मनापासून बरे वाटले.

पहिल्या आक्षेपाला मी सविस्तर उत्तर देणे लागते, कारण माझ्या लेखातली खरी उणीव तिथेच होती : मी औषधाचे नाव सांगितले, मात्रा सांगितली नाही.

नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत मी अकरा वर्षे पेशीसंवर्धनाचे काम केले. सुमारे अडीच लाख मूळपेशी निमुळत्या तळाच्या नळीत घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या की त्या तळाशी बसतात. एकदोन दिवसांत त्या नळीच्या तळापासून सुटून गोळा होतात आणि तीन आठवड्यांत राजगिऱ्याच्या दाण्याएवढा पांढरा, चकचकीत मणी तयार होतो. त्याचा पातळ काप घेऊन सॅफ्रानिन-ओ हा रंग लावला आणि काप लालकेशरी झाला, म्हणजे कूर्चेत पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन त्यात तयार झाले आहे, असे आम्ही समजत असू. जॉनस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सशाच्या अस्थिमज्जेतील पेशींवर दाखवलेली ही पद्धत आहे. त्यात टीजीएफ-बीटा हा वाढघटक आणि डेक्सामेथासोन दोन्ही असतात, हे आपले म्हणणे अगदी बरोबर आहे.

पण ते किती असते? एका लिटर द्रावणात साधारण ०.०४ मिलिग्रॅम. गुडघ्यात ट्रायमसिनोलोन हे त्याच वर्गातले स्टेरॉइड देतात तेव्हा नेहमीची मात्रा ४० मिलिग्रॅमची असते, आणि ती काही मिलिलिटर सांध्यद्रवात जाते. नुसत्या वजनाने पाहिले, तर तेवढ्या स्टेरॉइडमध्ये आमचे १,००० लिटर द्रावण तयार झाले असते; डेक्सामेथासोन त्याहून पाचपट प्रभावी धरले, तरी २०० लिटर. इथे आपल्या बाजूचा एक मुद्दा मात्र मी सांगितलाच पाहिजे. ट्रायमसिनोलोनचे औषध दुधासारखे पांढरट दिसते आणि कुपी हलवूनच सिरिंजमध्ये घ्यावे लागते, कारण ते विरघळलेले नसते. त्याचे बारीक स्फटिक पाण्यात तरंगत असतात. त्यामुळे ४० मिलिग्रॅम एकदम पेशींना भिडत नाहीत, हळूहळू विरघळत राहतात. म्हणूनच ‘मारते’ हा शब्द सरसकट वापरणे चूक होते. मात्रा आणि संपर्काचा काळ वाढत गेला की पेशींची वाढ मंदावते आणि पुढे त्या मरू लागतात, एवढेच प्रयोगांवरून म्हणता येते.

मूळपेशींच्या दृष्टीने मला स्टेरॉइडइतकीच काळजी त्यासोबत मिसळल्या जाणाऱ्या भुलीच्या औषधाची वाटते, आणि त्याबद्दल मी मूळ लेखात जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या. गाईच्या कूर्चापेशींवर ०.५ टक्के ब्युपिव्हाकेन हे भुलीचे औषध थोडा वेळ ठेवले तरी त्या मोठ्या प्रमाणात मरतात, हे २००६ मध्ये दाखवले गेले. माणसाच्या मूळपेशींवरही त्याचा घातक परिणाम दिसला आहे, तर रोपिव्हाकेन हे भुलीचेच दुसरे औषध तुलनेने सौम्य ठरले आहे. त्याच २००६ च्या प्रयोगात कूर्चेचा वरचा थर शाबूत असेल तर पेशींना काही संरक्षण मिळते, असेही दिसले. बशी आणि गुडघा यांत फरक आहे, हे आपले म्हणणे इथे खरे ठरते. तरीही खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर पंपाने दोन-तीन दिवस सांध्यात भूल सोडत राहिल्याने काही तरुण रुग्णांची कूर्चाच नष्ट झाली, आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रकांना २००९ मध्ये त्याबद्दल इशारा द्यावा लागला. ते खांदे माणसांचेच होते.

गुडघ्यांवरचा पुरावाही आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४० रुग्णांपैकी काहींना दर बारा आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन आणि इतरांना सलाइन, असे दोन वर्षे दिले गेले. स्टेरॉइडच्या गटात कूर्चेची जाडी सरासरी ०.२१ मिलिमीटरने घटली, सलाइनच्या गटात ०.१० मिलिमीटरने, दोन वर्षांअखेर वेदनेत मात्र लक्षणीय फरक नव्हता. ही गोष्ट वारंवार घेतलेल्या इंजेक्शनांची आहे. सुजलेल्या गुडघ्यात एखादे इंजेक्शन घेऊन आपल्याला मिळालेला आराम त्यामुळे खोटा ठरत नाही.

मूळपेशींच्या इंजेक्शनांचा मी प्रचार करते, हा आक्षेप मला मान्य नाही. या पेशींना १९९१ मध्ये ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव देणाऱ्या आर्नल्ड कॅप्लान यांनीच २०१७ मध्ये ते नाव बदला असे सुचवले, कारण शरीरात सोडलेल्या या पेशी नवी ऊती घडवण्यापेक्षा आजूबाजूच्या पेशींना रासायनिक संकेत देण्याचे काम अधिक करतात. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अस्थिमज्जा, चरबी आणि नाळ यांपासून मिळवलेल्या पेशी एका वर्षानंतर साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरल्या नाहीत. तरीही ज्याला पदरचे पैसे मोजून अशा पेशी घ्यायच्याच असतील, त्याने त्याच सुईने किंवा त्याच आठवड्यात सांध्यात भुलीचे औषध वा स्टेरॉइड जाणार आहे का, हे आधी विचारावे. महागड्या पेशी आत सोडायच्या आणि सोबत त्यांनाच घातक ठरणारे औषध द्यायचे, हे मला पाहवत नाही.

पुढचे इंजेक्शन घ्यावे की नाही, हे आपला गुडघा तपासलेल्या डॉक्टरांनीच सांगायचे आहे. एवढे मात्र करा : औषधाचे नाव, मात्रा, तारीख आणि सोबतची भूल कागदावर लिहून मागा. माझ्या आईला तीन इंजेक्शने मिळाली आणि तिन्ही कागदांवर ‘गुडघ्यात इंजेक्शन दिले’ एवढेच होते. चौथ्या वेळी नवीन डॉक्टरांनी आधी काय दिले होते असे विचारले, तेव्हा आम्हा दोघींकडे उत्तर नव्हते.

मूळ लेखातले ‘स्टेरॉइडचे इंजेक्शन मूळपेशींना मारते’ हे वाक्य मी आज काढले आहे. त्या जागी आता असे वाचायला मिळेल : ‘अत्यल्प मात्रेत जे स्टेरॉइड मूळपेशींना कूर्चा बनण्यास मदत करते, तेच मोठ्या मात्रेत, वारंवार आणि भुलीच्या औषधासोबत दिल्यास त्या पेशींना अपाय करू शकते.’

आपली,
लेखिका