गाडी वकिलाची, चालवणारा मास्तर

पुण्यात गाडी चालवताना पुढच्याचा चेहरा दिसत नाही, पण त्याचं पोट कशावर चालतं ते लगेच कळतं. नंबराच्या पाटीवर लिहिलेलं असतं. पाटीवर जागा उरली नाही तर काचेवर. 'पोलीस', 'प्रेस', 'आर्मी', 'महाराष्ट्र शासन'. डॉक्टरांचा लाल क्रॉस तर विचारूच नका. खरं म्हणजे तो त्यांचा नव्हेच. जिनिव्हा करारांबद्दलचा १९६० चा कायदा आहे, त्यानुसार तो रेड क्रॉसवाल्यांना आणि लष्कराच्या वैद्यकीय पथकांना राखून ठेवलेला आहे. बाकी कुणी परवानगीवाचून लावला तर दंड. तरी आमच्या कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर तो लावून, आघाडीवर जखमी उचलायला निघाल्यासारखे, मंडईत मेथी आणायला जातात.

गावाकडे गेलं की 'सरपंच' सुरू होतात. त्यातले निम्मे माजी असतात, पण 'माजी' हा शब्द इतका बारीक काढलेला असतो की तो वाचायचा तर आपलं बॉनेट त्याच्या डिकीत घालावं लागेल. 'भावी' मात्र ठळक. आणि 'शेतकरी' हे अक्षर मी ट्रॅक्टरवर क्वचितच पाहिलं. ते शोभतं पंचवीस-तीस लाखांच्या गाडीवर.

मी शाळामास्तर. गणित शिकवतो. 'शिक्षक' लिहिलेली गाडी मला अजून दिसलेली नाही आणि त्याचं कारण मला पक्कं ठाऊक आहे. ते वाचून कुणी वाट तर देणार नाहीच, उलट सिग्नलला गाठून खिडकीतून मतदारयादीचा गठ्ठा आत टाकतील. जनगणना, निवडणूक, खिचडीच्या तांदळाचा हिशेब एवढं सगळं आधीच चालू असताना आणखी गाडीवर जाहिरात कोण करणार?

तर असा मी एक जुनी वॅगनआर घेतली, ती नेमकी एका वकीलसाहेबांची. मागच्या पाटीवर नंबराखाली लाल अक्षरांत 'ॲडव्होकेट' आणि पुढच्या काचेवर वकिलांच्या गळ्यातल्या पांढऱ्या बँडचं स्टिकर. मी खरवडायला बसलो तर ही म्हणाली, "अहो, राहू दे की. आपण कुठे लिहिलंय? गाडीवर होतंच." या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरात वकील कोण व्हायला हवं होतं, तेही त्या दिवशी कळलं.

पहिले काही दिवस बरे गेले. ज्या कार्यालयाच्या आवारात माझ्या स्कूटरला कुत्रं विचारत नसे, तिथला वॉचमन साखळी सोडून सलाम ठोकू लागला. चौकातले हवालदार हात वर करता करता खाली घेऊ लागले. मी पट्टा लावून, कागदपत्रं जवळ ठेवून, चाळीसच्या वेगाने चाललेलो. मला सूट मिळण्यासारखं काही नव्हतंच. तरी ती मिळत होती आणि खोटं कशाला सांगू, गोड लागत होती.

मग पेट्रोल पंपावरच्या पोराने पाटी वाचली. नळी टाकीत सोडून खिडकीशी आला. "साहेब, चुलत्यानं सातबाऱ्यावरून आमच्या आईचं नाव उडवलंय. काय करू?"

मी वकील नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं असं आपल्याला आता वाटेल. पण मागे रांग लागली होती, मीटर पळत होतं आणि पोरगं रडकुंडीला आलं होतं. आमच्या वडिलांची हयात भावकीशी भांडण्यात गेली. त्या वारशात मला कायद्याचं एकच वाक्य मिळालंय, ते मी दिलं. "फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील करा." पुढच्या खेपेला पोरगं कॅरीबॅगभर कागद घेऊन उभं. शेजारी आई. आईच्या हातात माझ्यासाठी पावशेर भुईमुगाच्या शेंगा. शेंगा घेतल्या, पंप बदलला.

मग भाडेकरार आले, बिल्डरने न दिलेलं पार्किंग आलं, एक सूनबाई आणि पाठोपाठ त्यांच्या सासूबाई आल्या. कळस म्हणजे एका संध्याकाळी हवालदारांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. मी लायसन्स काढलं. ते म्हणाले, "ते राहू द्या वकीलसाहेब. मेव्हण्याचा जामीन होत नाहीये हो." त्यापेक्षा पाचशेची पावती परवडली असती.

आणि पावती खरोखर फाडता आली असती. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारीच्या पाटीवरची अक्षरं ६५ मिलिमीटर उंच, दहा जाड आणि मधलं अंतर दहा, इतकं बारकाईने ठरवून दिलंय. धंद्याला त्यात जागा नाही. पहिल्यांदा पाचशे, पुढे दीड हजार. पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयाने तर २०२० च्या जानेवारीत चंडीगड परिसरातल्या गाड्यांवरून हुद्दे काढायला लावले आणि न्यायमूर्तींनी सुरुवात आपल्याच गाडीपासून केली. आपल्याकडे तसं काही झालं नाही. आपल्याकडे थेट पाटीच बदलली. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी सुरक्षा पाटी सक्तीची. मोटारीला ७४५ रुपये, वर जीएसटी. मुदत वाढत गेली, तसा मीही लांबवत गेलो. शेवटी हिनेच ऑनलाइन नंबर लावला.

पाटी बसवायच्या जागी जुन्या पाट्यांचा ढीग पडला होता. 'प्रेस'वर 'पोलीस' पालथे, त्याखाली कुणी 'अध्यक्ष'. माझ्यापुढे बुलेटवाला एक पोरगा. त्याचा नंबर ४१४१. इंग्रजी चाराच्या पोटाला गोलाई दिली आणि वरून रेघ ओढली की 'दादा' होतो, तसा त्याने तो करून घेतलेला. नव्या पाटीवर अशोकचक्राचा होलोग्राम, निळं 'आयएनडी' आणि ठोकून उठवलेले सरळसोट आकडे. त्यात दादा कुठेच दिसेना.

"जरा गोल करता नाही येणार?" पोराने विचारलं.

"साच्यातून येते ती. आणि आता काढाल तर लॉक तुटेल," बसवणारा म्हणाला आणि त्याने दादा ढिगावर टाकला.

पोरगा हवालदिल होऊन इकडेतिकडे बघायला लागला. तेवढ्यात त्याची नजर माझ्या गाडीकडे गेली. पाटी अजून निघायची होती.

"वकीलसाहेब," तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "पसंतीचा नंबर म्हणून आरटीओत जादा पैसे भरलेत मी. आता याच्यावर काय करता येईल?"

मी क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, "प्रांताकडे अपील करा."