४२ म्हणजे स्टार नव्हे: डग्लस ॲडम्सवरच्या फॉरवर्डला उत्तर

भाची कॉलेजच्या सादरीकरणात हा मजकूर जसाच्या तसा घालायला निघाली होती, म्हणून हे लिहितोय. फॉरवर्ड तुम्हीही पाहिला असेल. ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’मध्ये डीप थॉट नावाचा महासंगणक जीवन, विश्व आणि सगळ्याचं अंतिम उत्तर देतो, ४२. फॉरवर्ड म्हणतो की लेखक डग्लस ॲडम्स संगणकतज्ज्ञ होता. ॲस्की कोडमध्ये (संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत) ४२ म्हणजे स्टार (*), आणि प्रोग्रॅमिंगमध्ये स्टार म्हणजे ‘तुम्हाला हवं ते’. म्हणजे आयुष्याचा अर्थ तुम्हाला हवा तो! पुढे तेराच्या पायाचं (दहाऐवजी तेराच्या गटांनी मोजायचं) गणित, पाचही पुस्तकांचा आधीच आखलेला गुप्त आराखडा आणि ई-बुकचं भाकीत.

ॲडम्स १९५२ मध्ये केंब्रिजला जन्मला आणि तिथल्याच सेंट जॉन्स कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकला. पदवीनंतर तो विनोदी स्केचेस लिहीत होता. काही काळ माँटी पायथन या विनोदी गटातल्या ग्रॅहम चॅपमनबरोबर काम केलं, पैसे पुरेनात तेव्हा एका अरब कुटुंबाचा अंगरक्षक म्हणूनही उभा राहिला. ‘हिचहायकर्स’ आधी पुस्तक नव्हतंच. ती बीबीसी रेडिओ ४ वरची मालिका, पहिला भाग ८ मार्च १९७८ चा. ४२ येतो त्याच मालिकेच्या चौथ्या भागात, आणि ॲडम्सचा पहिला मॅकिंटॉश आला १९८४ मध्ये. त्यानंतर तो संगणकांचा नाद लागलेला माणूस झाला हे खरं, पण सहा वर्षांनंतरचा नाद आधीच्या संहितेला कसा चिकटवणार?

आता स्टार. ॲस्कीत स्टारचा क्रमांक दशमानात ४२ आहे, एवढं बरोबर. पण स्टार म्हणजे ‘हवं ते’ हे कुठल्याही प्रोग्रॅमरला विचारा. सी भाषेत तो गुणाकार करतो किंवा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) दाखवतो. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत त्याचा अर्थ ‘सगळे कॉलम’. लिनक्सच्या टर्मिनलवर स्टार टाकला की शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) त्याच्या जागी त्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं भरतं, तीही सगळी नाही, टिंबानं सुरू होणारी वगळून. फोल्डर रिकामं असेल तर बॅश या शेलमध्ये तो स्टार तसाच कमांडला जातो आणि बहुतेक वेळा ‘अशी फाइल नाही’ म्हणून एरर येते. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) तर तो एकटा काहीच सांगत नाही. आधीचं अक्षर शून्य किंवा कितीही वेळा, एवढाच त्याचा अर्थ. ‘कख*’ लिहिलं तर ‘क’, ‘कख’, ‘कखखख’ सापडतील. ‘काहीही’ हवं असेल तर स्टारच्या आधी टिंब द्यावं लागतं, आणि नवशिके नेमके तिथेच अडकतात. शिवाय ॲस्की हा काही एकमेव कोड नव्हता. तेव्हाचे आयबीएमचे मेनफ्रेम, म्हणजे मोठे संगणक, एबसिडिक नावाचा दुसरा कोड वापरत, त्यात स्टार ९२ वर आहे.

खुद्द लेखकानं हा विषय नोव्हेंबर १९९३ मध्येच संपवला होता. इंटरनेटवरच्या चाहत्यांच्या गटात त्यानं स्वतः लिहिलं की तो एक विनोद होता, एखादी साधी, लहानशी संख्या हवी होती, बागेकडे बघता बघता ४२ चालेल असं वाटलं आणि टाइप केलं. द्विमान पद्धत, तेराचा पाया, तिबेटी भिक्षू हे चाहत्यांचे सगळे तर्क त्यानं तिथे नाव घेऊन निकालात काढलेत. याहून मोठा पुरावा कुठून आणायचा?

मला खरा राग आहे तो या फॉरवर्डनं गोष्टीचं जे केलंय त्याचा. डीप थॉट ७५ लाख वर्षं गणित करून ४२ सांगतो आणि मग लोकांच्या लक्षात येतं की प्रश्न नेमका काय होता तेच कुणाला माहीत नाही. तो प्रश्न शोधायला आणखी मोठा संगणक बांधतात, तीच पृथ्वी. एक कोटी वर्षांचा तो प्रोग्रॅम संपायला पाच मिनिटं उरलेली असताना व्होगॉन नावाचे परग्रहवासी पृथ्वी पाडतात. विचार न करता उत्तर मागणाऱ्यांवरचं हे व्यंग आहे. ४२ चा अर्थ ‘हवं ते’ असता तर उत्तर मिळालंच होतं, पृथ्वी बांधायचं कारणच उरत नाही. कथानकाचा कणा मोडून त्याचं गुड मॉर्निंग छाप सुविचारात रूपांतर करायचं, आणि वर लेखकाला जीनियस म्हणायचं!

तेराचा पाया: सहा नव्वे चोपन्न, आणि तेराच्या पायावर चोपन्न ४२ असं लिहितात (चार तेरं बावन्न, अधिक दोन). गणित बरोबर आहे. पण गोष्टीत ‘सहाला नऊनं गुणल्यावर काय येतं’ हा प्रश्न कथानायक आर्थर पिशवीतून स्क्रॅबलची अक्षरं काढतो तेव्हा बाहेर येतो, आणि तो चुकीचाच असायला हवा, कारण गोलगाफ्रिंचम ग्रहावरून आलेल्या लोकांमुळे पृथ्वीचा प्रोग्रॅम बिघडलेला असतो.    

गुप्त आराखडा तर नव्हताच. पहिल्या मालिकेचे शेवटचे दोन भाग वेळेत होईनात म्हणून मित्र जॉन लॉइडला सोबत घ्यावं लागलं, कारण त्याच सुमारास ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेचं लेखनही चालू होतं. १९८२ चं तिसरं पुस्तक ‘डॉक्टर हू’साठीच्या न वापरलेल्या कथेतून निघालं. चौथं १९८४ चं, त्यासाठी संपादक सनी मेहतांनी त्याला हॉटेलात कोंडून लिहून घेतलं. पाचवं थेट १९९२ मध्ये.

ई-बुकचा मुद्दा मात्र अर्धा मान्य करावा लागतो. ‘गाइड’ हे हातात मावणारं, पडद्यावर मजकूर दाखवणारं पुस्तक आहे, आणि १९९० मध्ये बीबीसीसाठी ‘हायपरलँड’ हा माहितीपट लिहिताना ॲडम्सनं दुव्यांनी जोडलेल्या माहितीचं चित्र बरंच नेमकं उभं केलं होतं.

भाचीला एवढंच सांगेन: सादरीकरणाला ऐवज हवा असेल तर पुस्तकाची सुरुवात घे. बायपाससाठी आर्थरचं घर पाडायला बुलडोझर आलेत. हरकत आधी का घेतली नाही, आराखडा तर लावलेला होता, असं अधिकारी म्हणतो. तो लावलेला असतो तळघरात, बंद पडलेल्या संडासातल्या कुलूपबंद कपाटात, आणि दारावर ‘बिबट्यापासून सावध’ अशी पाटी. थोड्याच वेळात व्होगॉन बायपासच्याच कारणानं पृथ्वी पाडतात आणि सांगतात की त्यांचा आराखडा अल्फा सेंटॉरीच्या कार्यालयात ५० वर्षं लावलेला होता.