चाळीस दिवसांचा काळोख आणि नाकातले तूप

माझी धाकटी बहीण दुचाकीवरून पडून तिच्या डोक्याला मार लागला, त्याला आता तीन महिने होतील. सीटी स्कॅन नॉर्मल आला. पण कुकरची शिट्टी, ट्यूबलाइट आणि स्टीलच्या ताटावर आपटलेला चमचा तिला अजून सहन होत नाही. गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजता मी माहेरी पोहोचले, तेव्हा तिच्या खिडकीवर आईने सोलापुरी चादर खिळे मारून लावली होती आणि दाराच्या फटीत जुने टॉवेल कोंबले होते. कारण विचारल्यावर मावशीने पाठवलेला व्हॉट्सॲपवरचा संदेश पुढे आला. त्यानुसार अशा रुग्णाला चाळीस दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवावे, घरातही काळा चष्मा आणि कानात कापसाचे बोळे सोडू नयेत, रोज नाकात कोमट तूप घालावे आणि एवढे करूनही बरे वाटले नाही, तर स्कॅन नॉर्मल असल्यामुळे तो मनाचा खेळ समजावा.

चाळीस हा आकडा बाळंतिणीच्या सव्वा महिन्यावरून उचलला असावा, कारण वैद्यकशास्त्रात त्याला आधार नाही. पहिले एक-दोन दिवस शांतता, मंद उजेड आणि मोबाइल बाजूला ठेवणे उपयोगी पडते, एवढे सत्य त्या संदेशात आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. मात्र त्यापुढची विश्रांती तपासून पाहिली गेली आहे. अमेरिकेतील ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेंदूला सौम्य मार लागलेल्या 11 ते 22 वर्षांच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एकाला पाच दिवस कडक विश्रांती, दुसऱ्याला एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू नेहमीचा दिनक्रम. कडक विश्रांती घेतलेल्यांनी अधिक त्रास नोंदवला आणि त्यांची लक्षणे सावकाश ओसरली. पाच दिवसांत ही गत, तर चाळीस दिवसांचे काय होईल?

चष्मा आणि बोळ्यांचेही तेच. मॅटिनी पाहून भर दुपारी रस्त्यावर आलेल्या माणसाचे डोळे दिपतात, कारण ते काळोखाला सरावलेले असतात. घरात सतत काळा चष्मा लावणारा माणूस दिवसभर त्याच थिएटरात बसलेला असतो. कानांबाबत श्रवणशास्त्राचे संशोधक क्रेग फॉर्म्बी आणि सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवले, की ज्यांना ऐकण्याचा काही त्रास नाही, अशा लोकांनी दोन आठवडे कानात बोळे ठेवले, तरी त्यांना आवाज पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागतात. बाहेरून कमी येते, म्हणून मेंदू आतून आवाज वाढवतो. बोळे मिक्सर लावण्यापुरते घालावेत, उन्हात टोपी आणि गॉगल जरूर वापरावा. पण पंख्याच्या घरघरीपासून किंवा खिडकीतल्या उजेडापासून स्वतःला तोडू नये. आम्ही आता शिट्टी होण्याआधी तिला हाक मारून सांगतो, आणि अचानकपणा गेल्यामुळेच तिचे निम्मे दचकणे कमी झाले आहे. गॅलरीत ती आधी पाच मिनिटे बसत असे, आता पंधरा मिनिटे बसते आणि डोके ठणकू लागण्याच्या आधीच उठते.

‘मनाचा खेळ’ हे वाक्य मात्र मला सर्वांत जास्त लागले, कारण ते वाचून ती स्वतःच विचारू लागली, की मी नाटक करते आहे का. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाडाचे फ्रॅक्चर शोधण्यासाठी असतो. मज्जातंतूंना बसलेले सूक्ष्म ताण आणि पेशींमधील बिघाड त्यात दिसत नाहीत. चिंता आणि अपुरी झोप यांमुळे त्रास वाढतो, हे खरे. परंतु त्यामुळे तो खोटा ठरत नाही. मार लागल्यानंतर अनेकांना अर्धशिशीसारखी डोकेदुखी सुरू होते, उजेड न सोसणे हा तिचाच भाग असू शकतो आणि तिच्यावर औषधे आहेत. म्हणून न्यूरॉलॉजिस्टला हे लक्षण स्पष्टपणे सांगावे.

राहिले तूप. कवटीच्या तळाशी फ्रॅक्चर असेल, तर मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळू शकते, आणि अशा वाटेने काहीही आत घालणे म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण देणे आहे. मार लागल्यावर नाकातून पाण्यासारखा द्राव येत असेल, तर त्याला सर्दी न समजता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आमच्याकडे मी पोहोचले तेव्हा तुपाची वाटी गॅसशेजारी काढून ठेवलेली होती. ते दुपारी वरणभातावर घेतले.