‘एक अलाबामाकर’ यांस: 13 विजय आणि पाचवा क्रमांक

महोदय,

अमेरिकी विद्यापीठ फुटबॉलमधील फ्लोरिडा स्टेट संघाला 2023 साली प्लेऑफमधून, म्हणजे चार संघांच्या विजेतेपदाच्या बाद फेरीतून, वगळून चौथी जागा अलाबामाला देण्यात आली, त्यावरील माझ्या लेखाखाली आपण ‘एक अलाबामाकर’ या सहीने लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. लेखात माझे म्हणणे एवढेच होते की, विद्यापीठ फुटबॉलची क्रमवारी लावणाऱ्या 13 जणांच्या समितीने त्या वर्षी मोजपट्टी बदलली आणि हा बदल स्वाभाविक वाटावा अशी हवा ईएसपीएन या क्रीडावाहिनीने आधीच तयार करून ठेवली होती. अलाबामा ज्या गटात खेळते त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे एसईसीच्या, सामन्यांत या वाहिनीचा मोठा पैसा गुंतलेला आहे. त्यावर आपले म्हणणे असे की, हंगामाअखेरच्या ऑरेंज बाउल सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला 63-3 असे हरवले, या निकालाने समिती खरी ठरली, एसईसीचे वेळापत्रक मुळातच अधिक कठीण असते आणि ईएसपीएन फ्लोरिडा स्टेटच्या गटाचे, म्हणजे एसीसीचेही, सामने दाखवत असल्यामुळे माझा तर्क कोसळतो. याखेरीज आपले एक वाक्य आहे, ज्याला आक्षेप म्हणावे की नाही याविषयी मी साशंक आहे: ‘क्रिकेटच्या देशातून आलेल्या आणि टीव्हीवर चार सामने पाहिलेल्या माणसाने आम्हाला फुटबॉल शिकवू नये.’

प्रथम कबुली देतो. 2014 साली ओहायो स्टेटने विस्कॉन्सिनला 59-0 असे हरवून चौथे स्थान मिळवले, तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हलवणारा खेळाडू, ‘दुसऱ्या फळीतील’ होता, असे मी लिहिले होते. आपण दाखवून दिल्याप्रमाणे कार्डेल जोन्स हा तिसऱ्या फळीतील खेळाडू होता. चूक माझी आहे आणि ती दाखवल्याबद्दल मी आपला आभारी आहे. मात्र ही दुरुस्ती माझ्याच बाजूने बोलते, हे आपल्या ध्यानात आलेले दिसत नाही. त्याच आठवड्यात आयोवा स्टेटचा 55-3 असा पराभव करूनही टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) तिसऱ्या क्रमांकावरून सहाव्यावर घसरली आणि तिसऱ्या फळीतील क्वार्टरबॅक असलेली ओहायो स्टेट आत गेली. 2023 मध्ये पहिल्या फळीतील क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी झाल्यावर फ्लोरिडा स्टेटने तिसऱ्या फळीतील ब्रॉक ग्लेनला घेऊन लुईव्हिलविरुद्धचा एसीसीचा अंतिम सामना 16-6 असा जिंकला, 13 पैकी 13 विजय पूर्ण केले आणि त्यांना पाचवा क्रमांक मिळाला. 59-0 आणि 16-6 यांत अंतर आहे, हे मलाही दिसते. परंतु प्रतिस्पर्ध्याला अवघ्या 6 गुणांवर रोखणारा बचाव हा संघाचा भाग नसतो, असे आपले मत असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

आता त्या वाक्याविषयी. आपण ‘आम्हाला’ हा शब्द कोणासाठी वापरला आहे? आपले मराठी इतके निर्दोष आहे की आपला जन्म अलाबामा विद्यापीठाच्या टस्कलूसात झाला असावा, असे मानणे मला जड जाते. आपणही माझ्यासारखेच सूटकेस घेऊन या देशात उतरला असणार आणि शेजाऱ्याने पहिल्या शनिवारी हाती दिलेली तांबडी टोपी आपण डोक्यावर घातली असणार. त्यात गैर काहीच नाही. पण ती टोपी घातल्याने जन्मसिद्ध हक्क मिळतो आणि दुसऱ्याला मात्र जन्मस्थानावरून गप्प बसवता येते, हा न्याय मला कळलेला नाही.

मी 2012 च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडा स्टेटच्या टॅलाहसीला शिकायला आलो. त्याच वर्षी 24 नोव्हेंबरला फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाने आम्हाला आमच्याच मैदानावर 37-26 असे हरवले, तेव्हा मी डोक कॅम्बेल स्टेडियममध्ये अखेरपर्यंत बसून होतो. पुढच्या हंगामातील अंतिम सामन्यात 13 सेकंद उरले असताना केल्विन बेंजामिनने चेंडू झेलला आणि आम्ही ऑबर्नला 34-31 असे हरवून एसईसीची सलग 7 विजेतेपदांची मालिका तोडली, तो सामना मात्र मी टीव्हीवरच पाहिला. आपल्या ‘चार सामन्यां’त तो एक धरावा. राहिला क्रिकेटच्या देशाचा प्रश्न. मी भाऊसाहेब निंबाळकरांच्या कोल्हापूरचा आहे. ज्या फलंदाजाने 1948 साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या आणि ज्याच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही, त्याच्या गावात वाढलेल्या मुलाला मैदानावरील कामगिरी आणि बंद खोलीतील निवड यांतला फरक समजून घेण्यासाठी अलाबामापर्यंत यावे लागत नाही.

मी कट शिजल्याचा आरोप केलेला नाही. आपण तो माझ्या तोंडी घातला आहे. समितीला कोणी दूरध्वनी करून हुकूम सोडतो, असे मी मानत नाही. समितीची क्रमवारी दर मंगळवारी रात्री ईएसपीएनच्याच कार्यक्रमात जाहीर होते, प्लेऑफचे हक्क त्याच वाहिनीकडे होते आणि 2024 पासून एसईसीचे सामने पूर्णपणे तिच्याच ताब्यात जातील, हा 10 वर्षांचा करार 2020 च्या डिसेंबरमध्येच जाहीर झाला होता. अशा पडद्यावर ट्रॅव्हिसच्या दुखापतीनंतर ‘चार सर्वाधिक पात्र संघ’ की ‘चार सर्वोत्तम संघ’ असा प्रश्न रोज विचारला गेला. ‘पात्र’ म्हटले की निकाल मोजावे लागतात. ‘सर्वोत्तम’ म्हटले की अंदाज पुरतो, आणि अंदाजात एसईसी नेहमीच आघाडीवर असते. महत्त्वाचे खेळाडू उपलब्ध नसल्याचा विचार समितीने करावा, ही तरतूद नियमांत आहे, हे मला माहीत आहे. पण प्रमुख कॉन्फरन्सच्या अपराजित विजेत्याला चार संघांच्या प्लेऑफबाहेर ठेवण्याइतकी ती ताणली गेली, ती त्याच वर्षी. एपी या वृत्तसंस्थेच्या 1936 पासूनच्या क्रमवारीत कोणत्या पत्रकाराने कोणाला कितवे मत दिले, हे आपण वाचू शकतो. समितीतील एकेका सदस्याचे मत वाचायला मिळत नाही.

63-3 बद्दल थोडक्यात. त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे वीसहून अधिक खेळाडू उतरलेच नाहीत, कारण ज्यासाठी ते खेळले ते 3 डिसेंबरलाच हिरावले गेले होते. शिवाय निर्णयानंतर 27 दिवसांनी लागलेला निकाल आधीच्या निर्णयाचा पुरावा मानायचा असेल, तर 63 गुण जॉर्जियाने केले होते, अलाबामाने नव्हे. अलाबामा रोझ बाउलमधील उपांत्य सामन्यात मिशिगनकडून 27-20 अशी हरली. हा पुरावा आपण स्वतःच्या संघाला लावून पाहिला होता का?

वेळापत्रकाचा मुद्दा जुना आहे आणि मी त्यात शिरणार नाही. 2023 आणि 2024 या हंगामांचे करंडक बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सच्या मिशिगन आणि ओहायो स्टेट यांनी नेले, एवढी नोंद पुरेशी आहे. ईएसपीएन एसीसीचेही सामने दाखवते, हे खरे आहे. दोन्ही माल ठेवणारा दुकानदारही दर्शनी काचेत एकच माल मांडतो.

मूळ लेखातील ‘दुसऱ्या’ हा शब्द काढून तेथे ‘तिसऱ्या’ हा शब्द घातला आहे. शीर्षक आहे तसेच राहील.