अब्रूची पथ्यं

एचआयव्हीपासून जीव वाचवणं आता फारसं कठीण राहिलेलं नाही. सरकारी केंद्रात चाचणी फुकट, गोळ्याही २००४च्या एप्रिलपासून फुकट. कठीण आहे ते अब्रू वाचवणं, आणि तिच्याबद्दल सरकारी फलकावर एक ओळ नसते. म्हणून ही पथ्यं. काटेकोर पाळा.

सुरुवात मेडिकलच्या दुकानापासून. निरोध मागायचा तर दुकान रिकामं होईपर्यंत थांबावं, तोवर डोकेदुखीच्या गोळ्या आणि खोकल्याचं औषध घ्यावं, आणि तेवढंच घेऊन घरी यावं. चुकून घेतलाच, तर पैशाच्या पाकिटात, मागच्या खिशात वर्षभर ठेवावा. ऊब आणि घर्षणानं रबर कमजोर होतं. वेष्टनावरची मुदतीची तारीख वाचू नये, वाचताना कोणी पाहिलं तर? वंगणाला घरचं खोबरेल तेल. तेलानं लॅटेक्स काही मिनिटांत अशक्त होतं. पाण्याचं वंगण असं करत नाही, पण ते मागायला पुन्हा त्याच दुकानात जावं लागतं. ‘एकावर एक दोन घाल, डबल सेफ्टी’ असं सांगणारा मित्र प्रत्येकाला असतोच. दोन रबरं एकमेकांवर घासून फाटण्याची शक्यता वाढते, हे त्याला कळवू नये. बिचाऱ्याचं मन दुखेल.

निरोध फाटला, किंवा वॉर्डात वापरलेली सुई टोचली, तर घाई नको. टोचलेलं बोट आधी पिळावं, मग तोंडात घालावं, वरून जंतुनाशक ओतावं. खरं तर साबण आणि वाहतं पाणी, एवढंच करायचं असतं. पण इतक्या स्वस्त उपायावर शहाण्या माणसानं विश्वास ठेवायचा कसा? संसर्ग टाळणाऱ्या गोळ्या असतात. पहिला डोस शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांत, आणि पुढे २८ दिवस रोज. तेव्हा प्रसंग रविवारी रात्री घडला असेल तर सोमवारी पश्चात्ताप करावा, मंगळवारी देवदर्शन, बुधवारी ओळखीतला डॉक्टर शोधावा. गुरुवारी सकाळी जिल्हा रुग्णालयात पोचलात की ७२ तास उलटलेले असतात. अब्रू शाबूत.

काहींना दुसऱ्याच दिवशी चाचणीची घाई होते. जरूर करावी. निगेटिव्ह येईल, पेढे वाटा. नेहमीच्या चाचणीत सापडावीत इतकी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) रक्तात तयार व्हायला आठवडे लागतात, म्हणून समुपदेशक ३ महिन्यांनी पुन्हा बोलावतात. ते बोलावणं मनावर घेऊ नये. उलट एखाद्या लॅबच्या एकाच किटवर शेजाऱ्याच्या रक्ताचा दोष दिसला असं कानावर आलं, तर मात्र लगेच गावभर करावं. सरकारी केंद्रात तीन वेगवेगळ्या किटवर पडताळल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. गावाला एक किट पुरतं.

लग्न जमवताना ३६ गुण तपासा. दोघांनी मिळून, आपखुशीनं रक्त तपासायचा विषय काढणारा मुलगा आगाऊ समजावा, आणि मुलगी तर विचारूच नका.

आता सुनेकडे वळू, कारण घराण्याची अब्रू तिच्याच पदराला बांधलेली. गरोदरपणात चाचणी होते ती तिची, म्हणून घरात पहिला पॉझिटिव्ह कागद येतो तोही तिचा. मुलगा कधी तपासलेलाच नसतो. यावरून ‘हिनंच आणलं’ हा निष्कर्ष काढावा. मग ती बाळंतपणाला माहेरी निघाली की गोळ्यांची बाटली सासरीच ठेवायला लावावी, आईनं पाहिली तर काय सांगायचं? माहेरजवळच्या एआरटी केंद्रातूनही, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रातूनही, गोळ्या मिळू शकतात, पण त्यासाठी उपचारांची नोंद असलेलं हिरवं कार्ड तिथे दाखवावं लागतं. नकोच. औषध नसेल तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते, नीट घेतलं तर ५ पेक्षाही कमी. बाळ आलं की नर्स त्याला तोंडावाटे औषध द्यायला सांगते, आणि सहा आठवड्यांनी चाचणीसाठी टाचेतून रक्ताचे थेंब काढून खास कागदावर वाळवते. सहा महिने नुसतं आईचं दूध, असंही बजावते. आजीनं मात्र तिसऱ्या दिवशीच उगाळलेली गुटी, बोटभर मध आणि वाटीभर गाईचं दूध चालू करावं. वरच्या अन्नानं बाळाचं आतडं दुखावतं आणि आईच्या दुधातल्या विषाणूला आत शिरायला सोपं जातं. आजीची परंपरा मात्र अखंड राहते.

गोळीचं पथ्य सर्वांत नाजूक. रोज एकच, ठरलेल्या वेळी: टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३००, डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम, सगळं एकातच. बाटलीत ३०. ती पिशवीत खडखडते आणि एसटीत शेजारची बाई वळून बघते. म्हणून केंद्राच्या फाटकाबाहेर पडताच लेबल नखानं खरवडावं, बाटली झुडपात फेकावी, ओल शोषणारी पुडी तिच्यासोबत जाऊ द्यावी, आणि गोळ्या वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून तांदळाच्या डब्यामागे ठेवाव्यात. कोकणातल्या श्रावणात चार दिवसांत त्या मऊ पडू लागतात. पाहुणे आले तर त्या दिवशीची गोळी चुकवावी. पाहुणे आठवडाभर राहतात. पोटात जळजळलं तर गोळीबरोबरच अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध प्यावं. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्युटेग्राव्हिरला धरून ठेवतं, रक्तात उतरू देत नाही. गोळी २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घेतली की प्रश्न मिटतो, म्हणून फार्मासिस्टला काही विचारू नये. दर भेटीला खोकला, ताप, घटतं वजन, रात्रीचा घाम असे चार प्रश्न येतात. चारहींना ‘नाही’ म्हणून मोकळं व्हावं. टीबी काय, नंतरही सापडतो.

वजन वाढलं, चेहऱ्यावर तजेला आला, की गोळ्या बंद. काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वर येतो, आणि धरसोड करत राहिलं तर औषधाला दाद न देणारा तयार होऊ शकतो. नेमानं घेणाऱ्यांची गोष्टच वेगळी: सहा महिन्यांनी आणि पुढे ठरावीक काळानं व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, तपासायचं, ते चाचणीत सापडत नाही इतकं खाली टिकलं तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ही बातमी दाबून ठेवावी. कळली तर लोक जेवायला एका पंगतीत बसतील. डास आणि चहाच्या कपाची भीती तेवढी कायम राहू द्या, तिला औषध निघालेलं नाही.

शेवटी दवाखाना आणि कचेरी. रुग्णाच्या खाटेवर लाल शाईत ‘पॉझिटिव्ह’ लिहावं, ऑपरेशनची तारीख चार वेळा पुढे ढकलावी, दोन हातमोजे घालूनही नाक मुरडावं. कर्मचाऱ्याचं रक्त त्याला न विचारता तपासावं आणि अहवाल एचआरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावा. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे, याला मनाई करतो. १०० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत आणि २० किंवा अधिक माणसांच्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमायलाही सांगतो. तुमच्याकडे तो कोण, हे शिपायालाही ठाऊक नसेल याची खात्री करून घ्यावी.

आणि १०९७ हा एचआयव्हीबद्दल मदत करणारा टोल-फ्री क्रमांक चुकूनही फिरवू नका. तिथे नाव सांगायची सक्ती नाही. नावच सांगायचं नसेल तर एवढी जपलेली अब्रू दाखवायची कुणाला?