घरी आत्ता सांगू नको

आज कॉलेज रोडला टपरीवर चहा घेत उभी होते. शेजारी टाय लावलेली दोन पोरं आणि मध्ये एक नवखं पोरगं, पायात स्लीपर, पाठीला कोरी सॅक. टायवाला त्याला म्हणतो, "घरी आत्ता सांगू नको, पहिला चेक आला की सरप्राइज दे." माझा चहा तिथेच गार झाला.

हेच वाक्य आमच्या गणूला सांगितलं होतं ना.

गणू म्हणजे माझा मावसभाऊ, कळवणकडचा. एफवायला नाशकात आला, कॉट बेसिसवर राहिला, ओळखीचं कुणी नाही, वर्गात याच्या बोलण्याला हसायचे. आणि मग साखळी मार्केटिंगवाला एकजण भेटला ज्याने याला "गणेश सर" म्हटलं. अहो अठरा वर्षांच्या पोराला! काकांनी चाळीतला उन्हाळ कांदा विकून लॅपटॉपला दिलेले ३०,००० तिकडे गेले, ओरिजिनल मार्कशीट "व्हेरिफिकेशन"ला जमा, अंबडच्या बाजूला दोन खोल्यांत अकरा पोरं, पहाटे पाचला टाळ्या आणि घोषणा, ओळखीच्या शंभर जणांची यादी, आणि फोन करायचा तो स्पीकरवर, लीडर शेजारी बसलेला. घरचे म्हणजे "निगेटिव्ह लोक".

त्या यादीत मी पण होते. मला फोन आला, "ताई, आपण कशा आहात? माझ्याकडे एक सुंदर संधी आहे." आमचा गणू, जो जन्मात माझ्याशी अहिराणी सोडून बोलला नाही! आणि मी काय केलं, तर मावशीला कौतुकाने सांगितलं की पोरगा सुधारला. तेव्हाच कळायला हवं होतं.

आता लोक म्हणणार, कुणी कोंडलं होतं का त्याला? नव्हतं. दार उघडंच होतं. पण तोपर्यंत त्याने स्वतः तीन पोरं जोडली होती, त्यांचे पैसे अडकलेले, मग कुठल्या तोंडाने घरी जाणार. हो, चूक त्याचीही, मान्य. त्यातल्या दोघांच्या आया अजून मावशीशी बोलत नाहीत.

२०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांत पिरॅमिड स्कीमला, म्हणजे नवी माणसं जोडून त्यांच्या पैशावर कमवायच्या धंद्याला, बंदी आहे, साखळीच्या धंद्याविरुद्ध कायदा तर १९७८ चा. टायवाल्यांना सगळं माहीत असतं, आपल्यालाच नसतं.

आणि फक्त पैशाचंच नाही हं. त्याच्याच जुन्या रूममधला एक पोरगा असाच एका टेलिग्राम ग्रुपमध्ये गेला. आधी "भाऊ, जेवलास का", मग "आपल्यावर अन्याय होतोय", मग "ते लोक", आणि शेवटी आईच्या फोनला उत्तर नाही. दोन्ही सारखंच नाही, कळतं मला, पण सुरुवात तीच, एकट्या पोराला आधी मान द्यायचा, मग घरापासून तोडायचं. आपण काय करतो? अटेंडन्स कुठेय विचारतो.

गणूला सोडवलं ते त्याच्या कॉलेजातल्या एनएसएसच्या मॅडमनी. ओरडल्या नाहीत. स्टाफरूममध्ये बसवून डबा पुढे केला. तो दोन पोळ्या खाऊन रडायला लागला म्हणे. मग मॅडम स्वतः त्याच्यासोबत पोलीस चौकीत गेल्या, मार्कशीट परत आणल्या, रात्री झोप लागेना तर १४४१६ ला, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावून दिला. मराठीत बोलतात, फुकट आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील किंवा कुणी तुमचं बँक खातं भाड्याने मागत असेल तर १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. कॉलेजात तक्रार निवारण समिती असावीच लागते, यूजीसीचा २०२३ चा नियम आहे. बऱ्याच ठिकाणी ती भिंतीवरच असते हे मलाही माहितीये, तरी लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या.

मी आज मध्ये बोलले. "बाळा, मार्कशीट देऊ नको कुणाला." टायवाला हसला, "ताई, निगेटिव्ह नका बोलू." पोरगं माझ्याकडे बघत होतं, पण गेलं त्यांच्याच गाडीवर, ट्रिपल सीट. नंबर तरी द्यायचा होता, ते पण सुचलं नाही मला.

रात्री गणूला फोन करून सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोललाच नाही. मग एवढंच विचारलं, कुठली टपरी, किती वाजता.