आजोळचा हिशोब

तीन आठवड्यांपूर्वी मामीनं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. "सोमवार ते शुक्रवार बाळाला सांभाळायला मला जमणार नाही. शनिवार-रविवार खुशाल माझ्याकडे आणून सोडा." ग्रुपचं नाव 'आजोळ'. मावश्या, मामा, आम्ही सगळी भावंडं, सगळे त्यात आहोत. मामी ६४ वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली. मामेभाऊ आणि वहिनी दोघंही पुण्यात नोकरी करतात आणि वहिनीची बाळंतपणाची रजा संपत आली आहे.

तासाभरात ग्रुप पेटला. "आपल्या आईनं अकरा नातवंडं अंगाखांद्यावर खेळवली, कधी हूं की चूं केलं नाही," असं एका मावशीनं लिहिलं. एका भावानं लिहिलं, "ही परदेशी खुळं आपल्या घरात नकोत." त्या परदेशात मी चौदा वर्षं राहते. स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला. म्हणून हे लिहितेय.

आधी इथलं 'खूळ' काय आहे ते सांगते. स्वीडननं १९७४ साली फक्त आईला मिळणारी रजा बंद करून आई-वडील दोघांसाठी मिळून पालकत्वाची रजा आणली. असं करणारा हा जगातला पहिला देश. आज प्रत्येक मुलामागे ४८० दिवस मिळतात, त्यातले ९० दिवस आईचे आणि ९० वडिलांचे राखीव, ते एकमेकांना देता येत नाहीत. आणि १ जुलै २०२४ पासून या दिवसांतले काही दिवस आजी-आजोबांच्या किंवा आणखी कुणाच्या नावावर करता येतात. दोघं पालक असतील तर प्रत्येकी ४५ दिवस, एकटी आई किंवा एकटा बाप असेल तर ९०. आजी आपल्या नोकरीतून तेवढे दिवस रजा घेते, घरी बाळ सांभाळते आणि त्या दिवसांचा भत्ता सरकार तिला देतं.

माझ्या ऑफिसातल्या एकानं मागच्या वर्षी आपले तीस दिवस त्याच्या आईला दिले. ती वाचनालयात काम करते. तिनं त्याला सांगितलं होतं, "मे महिना नको, मला बागेचं काम असतं. नोव्हेंबर घेते." आणि तिनं नोव्हेंबर घेतला. अंधाराचा, ओल्या थंडीचा महिना, तरी रोज बाबागाडी ढकलत तळ्याकाठी जायची. त्या पोरीला आता फार्मोर, म्हणजे वडिलांची आई, दारात दिसली की दुसरं कुणी नको असतं. बागेसाठी मे महिना नाकारला म्हणून त्या आजीची माया कमी झाली, असं तिच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

या कायद्याला इथेही विरोध झाला. बापानं घरी राहावं म्हणून पन्नास वर्षं खटपट केली आणि आता ते दिवस पुन्हा एखाद्या बाईच्याच पदरात पडणार, असा तो आक्षेप. मला तो रास्त वाटतो. पण ज्याची नोंद असते त्यावर निदान भांडता तरी येतं. आपल्याकडे नोंदच नसते.

आता आमच्या आजीकडे येते, कारण ग्रुपवर साक्षीला तिलाच उभं केलंय. वाईजवळच्या एका गावात तिचं घर होतं, तेच आमचं आजोळ. दर मे महिन्यात आम्ही अकरा पोरं तिथं पडलेली असायचो. दुपारी जेवणं झाली की आजी पडवीत गोधडी घेऊन बसायची. जुन्या लुगड्यांचे थर, वर आणि खाली सगळ्यात मऊ लुगडं, आणि कडेपासून आत आत जाणारा धावदोरा. टाके एकसारखे, ज्वारीच्या दाण्याएवढे. सुई बोटात रुतली तर बोट तोंडात घालून पुढचा टाका सुरू. शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी ती घरात हाक मारून पोळीचा तुकडा मागवायची आणि आत सरकवून वरून टाका घालायची. "गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये, मग ती ऊब देत नाही," म्हणायची.

तो पोळीचा तुकडा आतून आणून द्यायची मामी. हे मला चाळिशीत आठवतंय, इतकी वर्षं त्या चित्रात मामी नव्हतीच. सकाळी साडेपाचला उठून, अकरा पोरांच्या भाकऱ्या थापून, साडेदहाला शाळेच्या उन्हाळी कामाला जाऊन, परत येऊन संध्याकाळचा स्वयंपाक करणारी बाई. आजीनं नातवंडं सांभाळली हे खरं, पण आजीला आणि नातवंडांना मिळून मामीनं सांभाळलं. आजी शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळली होती. तेव्हाही मामीच होती. आज तिच्याविरुद्ध आजीचं नाव वापरताना निदान एवढं तरी आठवायला हवं होतं.

आणि 'हूं की चूं केलं नाही' हेही खरं नाही. केलं असेल, आपण ऐकलं नसेल. जात्यावरच्या ओव्यांत बायका काय काय म्हणून गेल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी पुण्यातून काम सुरू करून महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता 'परी'च्या, म्हणजे ग्रामीण भारताच्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या ऑनलाइन संग्रहात ऐकायला मिळतात. मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की ओवीबरोबर गाणारीचं नाव, तिचं गाव, तालुका नोंदवलाय. 'लोकगीत' म्हणून सगळं एका पोत्यात भरलेलं नाही. दळण दळणाऱ्या बाईचं नाव लिहिलं म्हणून ओवीचा गोडवा कमी झाला का?

आपल्याकडचे कायदे पाहा. २००७ चा पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. म्हाताऱ्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना पोटगी मागता येते. त्यात सज्ञान नातवंडंही जबाबदार धरली आहेत आणि महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंतची मर्यादा घातली आहे. हा कायदा हवाच. पण त्याला आजी आठवते ती टाकून दिल्यावर. ती रोज आठ-दहा तास बाळ सांभाळत असते तेव्हा ती कुठल्याच कागदावर नसते. २०१७ साली बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय सक्तीची झाली. पन्नासच्या आतल्या ठिकाणी काम करणाऱ्या आईनं सत्ताविसाव्या आठवड्यात काय करायचं? सगळ्यांनी मनात धरलेलं उत्तर एकच असतं, आजी. वहिनीच्या जागी मी असते तर मीही मामीकडेच आशेनं बघितलं असतं. वहिनीवर माझा राग नाही. सहा महिन्यांचं बाळ टाकून कामाला जायचं ही तिची कोंडी मामीनं तयार केलेली नाही, आणि ती एकट्या मामीनं सोडवावी हेही बरोबर नाही.

मोजमाप आलं की नाती कोरडी होतात, असं मला घरी आल्यावर हमखास ऐकवलं जातं. स्वीडनमध्ये एकट्यानं राहणारी माणसं पुष्कळ आहेत, हे मी नाकारत नाही. माझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे आठवडाभर कुणी फिरकलेलं मला दिसत नाही आणि ते बघून जीव गलबलतो. पण त्याच बाई दर बुधवारी नातीला बालवाडीतून आणायला जातात. पावसात, बर्फात, न चुकता. बुधवार त्यांनी स्वतः ठरवलेला आहे. त्या दिवशी त्यांचा चालण्याचा वेग वेगळा असतो.

मुलगा झाला तेव्हा माझी आई इथं आली होती. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं. ती इथली रहिवासी नाही, म्हणून नव्या कायद्यातलं तिला काहीच लागू नाही. बॅगेत डिंक, अळीव, खारीक, सुंठ. नव्वद दिवस तिनं बाळाला तेल लावलं, मला शेक दिला, आणि मी जेवल्याशिवाय एकदाही जेवली नाही. मी म्हटलं, आई, बस बरोबर. "तुमचं होऊ दे," म्हणाली. अगदी आजीच्या आवाजात. ती भारतात परत गेल्यावर एकदा माझ्या मुलीनं विचारलं, "तू का आमच्यानंतर जेवतेस?" मला पत्ताच नव्हता. मी भाजीच्या भांड्यात किती उरलंय ते बघत उभी होते. आजीचा टाकाही माझ्याकडे आला आणि हेही आलं. एक ठेवायचं आणि एक सोडायचं, एवढं निवडायची मोकळीक मला आहे. ती आजीला नव्हती, आईला थोडी होती. मामी आज ती घेतेय आणि आपण तिला परंपरेच्या नावानं अडवतोय. मामी बाळाला नकोच म्हणालेली नाही. दोन दिवस माझ्याकडे आणा म्हणतेय. ते दोन दिवस ती तीन वर्षं निभावेल, मला खात्री आहे. मी ग्रुपवर हेच लिहिलं. आणि मामेभावाला वेगळा फोन करून सांगितलं की पाळणाघर शोधायला तू स्वतः जा, वहिनीवर टाकू नकोस.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. इथल्या शाळेत हस्तकला सक्तीचा विषय आहे, मुलगे-मुली सगळेच शिवण शिकतात. धावदोरा शिकून आली त्या दिवशी तिनं पलंगावरची आजीची गोधडी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, हे टाके कुणी घातले? त्या दिवसापासून दर शनिवारी ती आणि माझी आई व्हिडिओ कॉलवर शिवायला बसतात. लहानशी गोधडी आहे, भावाच्या अंगावर पुरेल एवढी. माझ्या दोन जुन्या साड्या त्यात गेल्या आहेत. आता तिसरी कड चालू आहे. पोळीचा तुकडा घालायचा कोपरा तिनं आधीच ठरवून ठेवलाय.

काल आईचा निरोप आला, या शनिवारी तिला जमणार नाही, भजनी मंडळाचा कार्यक्रम आहे. मुलीनं कॅलेंडरवरचा शनिवार खोडून रविवार लिहिला, सुई कापडात टोचून ठेवली आणि खेळायला गेली.